साचिको नव्हे, युकिको

निघण्याआधी थोडंसं

गेली बावीस वर्षं मी पुण्यात जपानी शिकवते. दर वर्षी एक धडा असा येतो, की त्यात बाईचं नाव लिहिलेलं असतं दोनच अक्षरांत. पहिलं अक्षर 'सुख' या अर्थाचं आणि पुढे 'को'. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "साचिको." बरोबरच आहे, शंभरातल्या नव्वद जणी साचिकोच असतात. मग मी फळ्यावर 'सुगिहारा' आडनाव जोडते आणि सांगते, "ही साचिको नव्हे, ही युकिको. नाव विचारल्याशिवाय वाचू नये, म्हणून हे उदाहरण."

बावीस वर्षं या बाईंना मी उदाहरण म्हणून वापरलं. त्यांचं पुस्तक मात्र वाचलं गेल्या पावसाळ्यात. नाव साधारण 'सहा हजार जिवांचे व्हिसा' असं. त्यांचा नवरा चिउने सुगिहारा लिथुआनियात काउनासला जपानचा वाणिज्यदूत होता आणि १९४० मध्ये त्यानं ज्यू निर्वासितांना व्हिसा लिहून दिले, त्या दिवसांचं हे पुस्तक. १९९० साली आलं, तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. पुस्तक मिटलं आणि वॉर्सात नोकरी करणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन लावला. "नीलू, तुझ्याकडून लिथुआनिया किती लांब?"

"शेजारीच आहे. पण तिथं काय आहे ताई?"

"एक घर आहे."

पहिला दिवस : वॉर्सा ते व्हिल्नियस

विमानानं तासाभरात पोचलो असतो, पण मला रेल्वेनंच जायचं होतं. हौस माझी, गैरसोय दोघींची. पोलंडची गाडी सरहद्दीपलीकडे मॉकावा नावाच्या आडगावी थांबते. तिथं सगळी माणसं बॅगा ओढत फलाटापलीकडच्या लिथुआनियन गाडीत चढतात, कारण रुळांची रुंदी बदलते. पोलंडचे रूळ १४३५ मिलिमीटरचे, लिथुआनियाचे जुन्या रशियन मापाचे, १५२० चे. नीलूची चाकांची बॅग फटीत अडकली. तिनं माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं वर्णन करत नाही.

त्यात आणखी एक शहाणपणा मी केला होता. खोली व्हिल्नियसला घेतली होती आणि गाडी काउनासवरूनच पुढे जाते. म्हणजे ज्या गावासाठी इतका खटाटोप, ते गाव डोळ्यांसमोरून गेलं आणि आम्ही खिडकीतून टकामका बघत बसलो.

संध्याकाळी नेरिस नदीच्या काठी गेलो. इथं २००१ साली सुगिहारांच्या जन्मशताब्दीनिमित्त चेरीची झाडं लावली. ते ज्या विद्यापीठात शिकले, त्या वासेदानं उभारलेला स्मृतिस्तंभही इथंच आहे. एप्रिलअखेर म्हणे इथं पाय ठेवायला जागा नसते. आम्ही पोचलो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात.

"चेरी बघायला जुलैत आणलंस?" नीलू म्हणाली. "उद्या आंबे खायला डिसेंबरात रत्नागिरीला ने."

झाडं हिरवीगार, साधी, कुठलीही असावीत तशी. खाली पोरं चेंडू खेळत होती. मी तिला गोष्ट सांगायला घेतली, कारण तिला नावापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

चिउने सुगिहारा १९०० सालचे. रशियन शिकले ते हार्बिनला, मांचुरियात. पहिली बायको रशियन होती, १९३५ मध्ये ते वेगळे झाले. त्यानंतर युकिको किकुचींशी लग्न. त्या १९१३ च्या, म्हणजे तेरा वर्षांनी लहान. माझ्याशी लग्न का करावंसं वाटतं, असं त्यांनी विचारलं होतं. तर उत्तर आलं, हिला परदेशात नेता येईल असं वाटलं म्हणून.

"बायको की सुटकेस?" नीलू.

मलाही वाचताना आधी तसंच वाटलं होतं. पण युकिकोबाईंनी ते तक्रारीच्या सुरात लिहिलेलं नाही. त्यांना ते आवडलं असावं. त्या काळच्या जपानी मुलीला, जिला तांका, म्हणजे छोट्या जपानी कविता, रचण्याचा नाद आहे, तिला कुणी म्हणालं की तुला जगात घेऊन जातो, तर आणखी काय हवं? (हो, मी त्यांना युकिकोबाईच म्हणते. 'युकिको-सान' वर्गात ठीक आहे.)

१९३७ मध्ये ते हेलसिंकीला गेले. खरं तर जायचं होतं मॉस्कोला, पण रशियन इतकं उत्तम येणारा जपानी अधिकारी सोव्हिएतांना नको होता, त्यांनी परवानगीच नाकारली. मोठा हिरोकी सोबत होता, दुसरा चिआकी हेलसिंकीत झाला. बरोबर युकिकोबाईंची धाकटी बहीण सेत्सुको. मेजवान्या, पाहुणे, लांब झगे. संगीतकार सिबेलियसनं सही करून आपला फोटो त्यांना दिला होता.

"बहीण पण बरोबर?" नीलू थांबली. "मग सामान तिनंच उचललं असणार."

दुसरा दिवस : काउनास, स्टेशन ते हमरस्ता

सकाळच्या गाडीनं मागे काउनासला. शंभरेक किलोमीटर. डब्यात समोर एक आजी बसल्या होत्या, त्यांच्याशी नीलूनं मोडक्या पोलिश-रशियनमध्ये सूत जमवलं. आजींनी पिशवीतून राय नावाच्या धान्याचा काळा पाव काढला, आम्हाला एकेक तुकडा दिला आणि काहीतरी म्हणाल्या. त्यातले 'दिएवस' आणि 'दांतिस' हे दोन शब्द ऐकून माझे कान टवकारले. ही म्हण मी पुस्तकात वाचली होती : 'दिएवस दावे दांतिस, दुओस इर दुओनोस.' देवानं दात दिले, तो भाकरीही देईल. संस्कृतच्या मास्तरांना हे वाक्य फार प्रिय, कारण देव आणि दंत त्यात जवळजवळ जसेच्या तसे बसलेत. लिथुआनियनमध्ये धुराला दूमस म्हणतात, आगीला उग्निस, मुलाला सूनुस. आणि आपण काय म्हणतो? चोच दिली तो चाराही देईल. आपल्याकडे दातांच्या जागी चोच आली, एवढाच फरक. आजींना हे समजावून सांगायची फार इच्छा होती. जमलं नाही. पाव मात्र संपवला.

काउनासचं स्टेशन बसकं, पिवळसर. भिंतीवर सुगिहारांची स्मृतिपाटी आहे. ४ सप्टेंबर १९४० ला सुगिहारा कुटुंब इथून बर्लिनच्या गाडीत बसलं. फलाटावर माणसं जमली होती. गाडी सुटेपर्यंत सुगिहारा खिडकीतून कागद लिहून देत होते. शेवटी उठून वाकून नमस्कार केला, आता आणखी लिहिता येत नाही, माफ करा, म्हणाले. फलाटावरून कुणीतरी ओरडलं की आम्ही तुम्हाला विसरणार नाही. आज ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण आपल्यापर्यंत ती पोचली डब्याच्या आत बसलेल्या बाईमुळे. मांडीवर तान्हं, दोन्ही बाजूंना दोन पोरं, अशा अवस्थेत तिनं ती पाहिली आणि पन्नास वर्षं सांभाळून ठेवली.

मी फलाटावर जरा जास्तच वेळ उभी राहिले. नीलूनं आडोशाच्या बाकावर बसून कॉफी प्यायली.

तिथून चालत मेट्रोपोलिस हॉटेलपाशी. कचेरी बंद केल्यावर आणि गाडीत बसण्याआधी कुटुंब काही दिवस इथं राहिलं. शिक्के आधीच बांधून रवाना झाले होते. तरी लोक हॉटेल शोधत आले आणि सुगिहारा त्यांना साध्या कागदावर प्रवासाचे परवाने लिहून देत राहिले.

मग लायस्वेस आलेया, म्हणजे स्वातंत्र्य मार्ग. दीडेक किलोमीटरहून लांब, वाहनं बंद, मधोमध लिंडन झाडांची दुहेरी रांग. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात व्हिल्नियस पोलंडच्या ताब्यात होतं, म्हणून राजधानी काउनासला आली. गोल कोपऱ्यांच्या, लांबट खिडक्यांच्या इमारती तेव्हाच्या. २०२३ मध्ये युनेस्कोनं त्या जागतिक वारशात घेतल्या.

याच रस्त्यावर यान झ्वार्टेंडाइक नावाच्या डच गृहस्थाची कचेरी होती. मूळचे फिलिप्स कंपनीचे व्यवस्थापक, रेडिओ विकणारे. डच वकिलातीचं काम ऐन वेळी गळ्यात पडलं. सुगिहारांचं नाव घ्यायचं तर यांचं आधी घ्यायला हवं, ते का, हे नीलूला मी रस्त्यातच उभं राहून बोटांवर मोजत सांगितलं.

पोलंडमधून पळून आलेले हजारो ज्यू लिथुआनियात अडकले होते. जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्या, पश्चिमेला जर्मनी. वाट उरली एकच, पूर्वेची : सैबेरिया, मग जहाजानं जपान, मग कुठेही. सोव्हिएत हद्दीतून जायला पुढचा म्हणजे जपानचा व्हिसा हवा. जपान देणार तो फक्त वाटेवरचा, ट्रान्झिट. आणि ट्रान्झिट व्हिसासाठी शेवटचा मुक्काम दाखवायला हवा. झ्वार्टेंडाइकनी लिहून दिलं की कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ या डच बेटावर जायला व्हिसा लागत नाही. पुढचं अर्धवाक्य त्यांनी गाळलं, की उतरायची परवानगी तिथल्या गव्हर्नरच्या मर्जीवर असते. या गाळलेल्या अर्ध्या वाक्यावर हजारो माणसं जगली.

"कुरासाओला कोण गेलं मग?"

"जवळजवळ कुणीच नाही. कुणी कोबेहून अमेरिकेला, कुणी शांघायला."

२०१८ मध्ये बसवलेलं झ्वार्टेंडाइकचं स्मारक झाडांमध्ये टांगलेलं आहे. प्रकाशाच्या दांड्यांचं मोठं वलय, गोल फिरत वर जाणारं. रात्री साडेनऊला दिवे लागले तरी आभाळात उजेड होताच, त्यामुळे ते नीट दिसेना. आम्ही शेजारच्या खानावळीत शाल्तिबार्श्चाय मागवलं. नाव भयंकर, पदार्थ घरचा : बीट, काकडी, शेपू, घट्ट ताकासारख्या केफिरमध्ये कालवलेलं, गार, भडक गुलाबी. "बीटाची कोशिंबीर पातळ झालीय," असा निकाल नीलूनं दिला आणि दुसरा वाडगा मागवला.

तिसरा दिवस : वाइझगांतो रस्ता, घर नंबर ३०

घर झालियाकाल्निस भागात, म्हणजे हिरव्या टेकडीवर. त्या टेकडीवर १९३१ पासून चालणारी केबलची छोटी रेल्वे जाते असं वाचलं होतं. लाकडी बाकं, आत तिकिटं बघणारी बाई, दोन मिनिटांत वर. आम्ही थाटात चढलो. वर गेल्यावर कळलं की टेकडी लांबलचक आहे आणि घर तिच्या अगदी दुसऱ्या टोकाला. स्टेशनकडून जिन्यानं चढलो असतो तर पंधरा मिनिटांचं काम. उन्हात अर्ध्या तासाहून जास्त चाललो. नीलूनं सेत्सुकोचं नाव काढलं नाही, पण तिच्या मनात ते होतं.

रस्ता शांत, पेन्शनरांच्या वसाहतीसारखा. सफरचंदाची झाडं कुंपणाबाहेर लोंबलेली. आणि मग पांढुरकं, चौकोनी घर. एखाद्या मध्यम आकाराच्या बंगल्याएवढं. मी मनात केवढा वाडा बांधला होता! २०१७ मध्ये जपानहून रंगारी पदरमोड करून आले आणि त्यांनी हे घर रंगवून दिलं.

खाली कचेरी होती, वर बिऱ्हाड. आता संग्रहालय आहे. खालच्या खोलीत टेबल, खुर्ची, झेंडा, भिंतींवर माणसांचे फोटो आणि व्हिशांच्या प्रती. बसायला देतात. माणसं बसून फोटो काढून घेतात. मी बसले नाही. एक व्हिसा भिंतीवर स्वच्छ दिसत होता, तो वहीत उतरवायला घेतला, शिक्षकी खोड.

वर 'त्सुका साशो', पारगमन व्हिसा. मग तारीख, शोवा १५, म्हणजे १९४०. मग त्सुरुगा आणि योकोहामामार्गे, सुरिनाम, कुरासाओ आणि इतर डच वसाहतींकडे. मग काउनासची कचेरी, प्रभारी वाणिज्यदूत, आणि सही. सगळं उभं, उजवीकडून डावीकडे. नुसतं 'त्सुरुगा' हे बंदराचं नाव लिहायला चोवीस रेघा लागतात, बारा आणि बारा. मी रोज फळ्यावर लिहिणारी बाई, मला एकाला चार मिनिटं लागली. यादीत नोंदी आहेत २१३९. चार मिनिटांनी हिशेब केला तर १४२ तास फक्त लिहिण्याचे. समोरच्याला विचारायचं, कागद तपासायचे, नोंद करायची, ते वेगळं. एका व्हिशावर अख्खं कुटुंबही जात असे, म्हणून माणसं किती वाचली याचे आकडे वेगवेगळे सांगतात. पुस्तकाच्या नावात सहा हजार आहेत. अभ्यासक त्यावर वाद घालतात. सकाळी माणसं जमली तो दिवस कोणता, १८ जुलै की २७, यावरही वाद आहे. बाईंनी अर्ध्या शतकानंतर आठवून लिहिलंय, डायरी हाताशी ठेवून नव्हे. आकड्याला मी यादीवर विश्वास ठेवीन. पण यादीत नसलेलं बरंच त्यांच्याकडे आहे.

त्या सकाळी नवऱ्यानं त्यांना खिडकीशी बोलावलं. पडद्याच्या फटीतून त्यांनी पाहिलं, कुंपणाला माणसं चिकटलेली. मळलेले कपडे, पोरांची हातातली बोटं. चारेक वर्षांच्या हिरोकीनं विचारलं की ही माणसं कोण, आणि आपण मदत नाही केली तर मरतील का. सुगिहारांनी टोकियोला तीनदा तार केली. पुढच्या देशाचे कागद आणि पुरेसे पैसे नसतील त्यांना देऊ नये, हेच उत्तर. मग त्यांनी बायकोला विचारलं. नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट काही होईल. घरात तीन पोरं, धाकटा हारुकी काउनासलाच नुकता जन्मलेला. त्या हो म्हणाल्या. रात्रभर झोप नव्हती आणि बायबलमधल्या विलापगीतातली, पोरांच्या जिवासाठी रात्री ऊठ आणि आक्रोश कर, अशी ओळ त्यांना आठवत राहिली.

मीही लिहू लागते, असं त्यांनी म्हटलं तर नवऱ्यानं नको म्हटलं. उद्या जाब विचारला तर एकट्यालाच विचारू दे. मग त्यांनी काय केलं? रात्री नवऱ्याचा अकडलेला हात चोळून दिला. चोळता चोळता तो झोपून जाई. दिवसा त्या पडद्याआडून बघत. आणि या सगळ्या ताणानं अंगावरचं दूध आटलं.

हे वाक्य मी पुस्तकात तीनदा वाचलं होतं, शब्द नीट समजला ना म्हणून. जपानीत ते फार साधं आहे. 'दूध थांबलं' एवढंच. इथं खाली कचेरीत उभं राहून मी छताकडे बघितलं. वर ते मूल रडत असणार, आणि खाली माणसांची रांग.

कुठल्या सरकारी दप्तरात ही नोंद सापडेल? सुगिहारा स्वतः फार बोलत नसत. जे बोलले ते मोजकं, अधिकाऱ्याच्या भाषेत. त्या महिन्याला वास, ऊन, भूक, दुखरं मनगट आहे ते बाईंमुळे. तरी संग्रहालयात युकिकोबाईंचा फोटो सुगिहारांच्या शेजारी आहे आणि खालच्या ओळीत त्या 'पत्नी' आहेत. 'कवयित्री' असं तिथं मला तरी सापडलं नाही. तांका म्हणजे पाच-सात-पाच-सात-सात अशा उच्चारांच्या पाच ओळी, बोटांवर मोजत रचायच्या. आपल्याकडच्या बायका ओवी मोजायच्या जात्याच्या फेऱ्यानं, तसंच काहीसं. युकिकोबाई आयुष्यभर तांका लिहीत राहिल्या, 'पांढरी रात्र' या अर्थाच्या नावाचा त्यांचा संग्रह आहे. उत्तरेतल्या न मावळणाऱ्या उजेडाचं नाव. काल रात्री दिवे फिके पडले तेव्हा मला तो उजेड जरा कळला.

बाहेर पडताना दारात अभिप्रायाची वही होती. पानंच्या पानं जपानी. 'सुगिहारा-सान, आभार.' मी पेन उचललं, काही सुचेना, ठेवून दिलं.

जिन्यानं उतरताना नीलू म्हणाली, "आई आठवली."

मलाही. बाबांची बँकेची नोकरी, दर तीन वर्षांनी बदली. सांगली, परभणी, चंद्रपूर, पुन्हा सांगली. बदलीची ऑर्डर बाबांच्या नावानं यायची, पितळी भांडी वर्तमानपत्रात आई गुंडाळायची. तिच्या हिशेबाच्या वह्यांत मधेच एखादी ओळ असे, 'आज इथला शेवटचा दुधाचा रतीब.' आम्ही त्या वह्या रद्दीत घातल्या. दोघींनी मिळून घातल्या, म्हणून दोघीही गप्प.

चौथा दिवस : नववा किल्ला

हा दिवस थोडक्यात सांगते. गावाबाहेर झारच्या काळातले किल्ले आहेत, त्यातला नववा. जे गेले नाहीत, ज्यांना कागद मिळाला नाही किंवा ज्यांनी मागितलाच नाही, त्यांचं काय झालं ते इथं आहे. २९ ऑक्टोबर १९४१ या एका दिवसात काउनासच्या गेटोतल्या, म्हणजे कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, नऊ हजारांहून अधिक ज्यूंना इथं गोळ्या घातल्या, निम्म्याच्या आसपास लहान मुलं. लिथुआनियातल्या दोन लाखांच्या घरातल्या ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले, आणि मारणाऱ्यांत स्थानिकही होते. हिरवळीवर ३२ मीटर उंचीचं काँक्रीटचं स्मारक आहे, मुठी आणि चेहरे दगडातून वर येऊ पाहणारे. आम्ही तासाभरात निघालो. जास्त थांबवलं नाही.

बसमध्ये नीलूला वळिवडे आठवलं. आमचं आजोळ कोल्हापूरचं. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, सैबेरियातून सुटून आलेल्या बायका-पोरं मुख्यतः. आजी सांगायची, बाजारात गोऱ्या बायका मराठीत भाव करायच्या आणि तिच्याहून चांगला करायच्या. त्यांना परमिट कुणी दिलं, कुणी शिक्का मारला, हे आम्ही कधी विचारलं नाही.

संध्याकाळी खोलीवर पुस्तकाचा उरलेला भाग नीलूला वाचून दाखवला, जागच्या जागी मराठी करत.

काउनासनंतर प्राग, मग कोनिग्सबर्ग, मग बुखारेस्ट. युद्धाच्या शेवटी रुमानियात बाई एकदा कुटुंबापासून तुटल्या, माघार घेणाऱ्या जर्मन सैनिकांमध्ये एकट्या सापडल्या, कित्येक दिवसांनी परत मिळाल्या. मग सोव्हिएतांनी सगळ्या कुटुंबालाच ताब्यात घेतलं, छावण्यांमध्ये ठेवलं. १९४७ मध्ये ते जपानला पोचले, सैबेरियाच्या रेल्वेनं. ज्या रस्त्यानं त्यांनी लोकांना पाठवलं, त्याच रस्त्यानं सात वर्षांनी स्वतः गेले, हे बाईंनी लिहिताना आवाज चढवलेला नाही.

त्याच वर्षी परराष्ट्र खात्यानं सुगिहारांना राजीनामा द्यायला लावला. कारण सांगितलं नोकरकपात. त्याच वर्षी हारुकी गेला, सात वर्षांचा, रक्ताच्या कर्करोगानं.

"काउनासचा?" नीलूनं विचारलं.

"हो, तोच."

पुढे सुगिहारांनी पडेल ते काम केलं, विजेचे दिवेसुद्धा विकले. १९६० पासून पंधराएक वर्षं ते मॉस्कोत व्यापारी कंपनीत होते, बायकापोरं जपानात. ज्याच्याशी लग्न केलं परदेशी जायला, तो एकटाच परदेशी. शिवाय वाचलेले लोक त्यांना शोधत होते ते 'सेम्पो सुगिहारा' म्हणून. त्याचं कारण माझ्या धंद्यातलं आहे. 'चिउने' हे नाव ज्या दोन अक्षरांत लिहितात, तीच चिनी वळणानं वाचली की 'सेम्पो' होतं, आणि परदेशी जिभेला ते सोपं म्हणून त्यांनीच तसं सांगितलं होतं. १९६८ मध्ये टोकियोच्या इस्रायली दूतावासातले येहोशुआ निश्री यांनी त्यांना शोधून काढलं. निश्रींकडे स्वतःचा जुना व्हिसा होता. १९८५ मध्ये इस्रायलनं 'राष्ट्रांमधला सत्पुरुष' हा मान दिला. सुगिहारा इतके थकले होते की टोकियोतल्या समारंभात तो युकिकोबाईंनी आणि मुलानं घेतला. वर्षभरानं, ३१ जुलै १९८६ ला ते गेले. १९९१ मध्ये सरकारकडून दिलगिरी आली ती बाईंकडे. २००० मध्ये परराष्ट्रमंत्री कोनो यांनी जाहीर सन्मान केला, तेव्हाही समोर त्याच.

"म्हणजे सगळं टपाल शेवटी हिच्याच नावावर," नीलू म्हणाली आणि दिवा मालवला.

पाचवा दिवस : परत घराकडे

वॉर्साची गाडी दुपारची होती. सकाळी मी म्हटलं, मी जरा जाऊन येते. नीलूनं विचारलं नाही कुठं. "जिन्यानं जा," एवढंच म्हणाली. मग स्वतःच बूट घालून आली.

जिन्यानं खरंच पंधरा मिनिटं लागली. एका शाळेची सहल आली होती, खालच्या खोलीत पोरं खुर्चीसाठी भांडत होती आणि बाई त्यांना दटावत होत्या. मी आत गेलेच नाही. दारातली वही उघडली. परवापासून तीन नवी पानं भरली होती.

वर लिहिलं, सुगिहारा. खाली ती दोन अक्षरं, सुखाचं आणि 'को'. पुढे आदराचं 'सामा'. मग थांबले. जपानीत अवघड नावाच्या कडेला बारीक अक्षरांत उच्चार लिहायची पद्धत आहे, फुरिगाना म्हणतात. लहान मुलांच्या पुस्तकात असतो. पेनाचं टोक बारीक नव्हतं, तरी जपून तीन अक्षरं लिहिली : यु, कि, को.

मग मराठीत चार ओळी लिहिल्या. नीलू खांद्यावरून वाचत होती. तिनं पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'आणि सेत्सुकोला.'